संध्याकाळचा भोंगा

इंदुबाई तायडे पहाटेपासून दुपारपर्यंत कात्रजच्या एका मेसमध्ये पोळ्या लाटायच्या आणि उरलेला दिवस डोंगरावर लक्ष ठेवायच्या. पहिलं काम त्यांनी स्वतः शोधलं होतं. दुसरं त्यांच्या गळ्यात पडलं.

जुन्या घाटाकडे जाताना खापरटेकडी नावाची वस्ती लागायची. बहुतेक घरं बुलढाणा-वाशिमकडून आलेल्यांची. इंदुबाई चिखलीकडच्या. नवरा गवंडी होता. त्याने टेकडीच्या पायथ्याशी, खालच्या आळीत, दोन खोल्या स्वतःच्या हाताने बांधल्या आणि पुढे काविळीने गेला. मुलगी सोनाली हडपसरला एका आयटी पार्कात नोकरीला लागली, तिकडेच मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहू लागली. "मम्मी, तू पण शिफ्ट हो ना इकडे, तिथे काय ठेवलंय?" असं ती दर रविवारी विचारायची. इंदुबाई म्हणायच्या, "तुझ्या बापानं बांधलेल्या भिंती ठेवल्यात."

वस्तीच्या वर कोणीतरी प्लॉट पाडायला टेकडी उभी कापली होती आणि काम अर्धवट टाकून निघून गेला होता. दोन पावसाळे त्या कापावरून लाल पाणी वाहिलं. तिसऱ्या वर्षी वरच्या अंगाला भेग दिसली, सहज हात जाईल एवढी. अर्ज-विनंत्या, फोटो, वर्तमानपत्रात बातमी, सगळं झालं. वस्ती हलवायला जागा नव्हती. शेवटी ‘भूवेध’ नावाची एक लहानशी संस्था आली आणि तिने टेकडीवर तीन खांब रोवले.

प्रत्येक खांबावर एक पांढरी गोल टोपी होती. चौथा खांब समोरच्या पाण्याच्या टाकीजवळ, पक्क्या खडकावर. संस्थेचा इंजिनिअर अनिरुद्ध लेले, तिशीतला, बारीक अंगाचा. त्याने समाजमंदिरात सगळ्यांना समजावून सांगितलं. या टोप्या म्हणजे उपग्रहांचे सिग्नल ऐकणारे कान आहेत. खडकावरचा खांब हलत नाही. त्याच्या तुलनेत टेकडीवरचे खांब किती सरकले, ते बोटाच्या पेराएवढं असलं तरी कळतं. ठरलेल्या मापापेक्षा जास्त सरकले की भोंगा आपोआप वाजेल, मग सगळ्यांनी घरं सोडून रस्त्यापलीकडच्या शाळेत जायचं.

भोंग्याची पेटी समाजमंदिराच्या भिंतीवर बसली. तो हाताने चालू-बंद करायची किल्ली कोणाकडे ठेवायची, यावर बराच वेळ बोलणं झालं. शेवटी वरच्या आळीतले रावसाहेब इंगळे म्हणाले, "इंदूकडं देऊन टाका. तिचा आवाज तसाही भोंग्यापेक्षा मोठा हाये." लोक हसले आणि किल्ली इंदुबाईंच्या हातात आली. रावसाहेब एका गोदामावर वॉचमन होते. बोलणं तिरकं, पण वस्तीत कोणाचं काही अडलं की सर्वांत आधी तेच उभे राहायचे.

पहिल्या जुलैमध्ये भोंगा खरंच वाजला. भर दुपारी, पाऊस लागलेला असताना. इंदुबाईंनी घरोघरी जाऊन माणसं बाहेर काढली. तासाभरात वरच्या आळीतल्या दोन घरांच्या मागच्या भिंती मातीसकट आत आल्या. आत कोणी नव्हतं. त्यानंतर वस्तीत इंदुबाईंचा शब्द चालू लागला. नळावर त्यांना पुढे जागा मिळायची. त्यांनाही ते आवडायचं, हे त्या लपवत नसत.

पुढच्या वर्षी गणपती उठल्यानंतर थोड्याच दिवसांनी, संध्याकाळी, चुलीवर आणि गॅसवर स्वयंपाक चढलेला असताना भोंगा वाजला. सगळे पळाले. रावसाहेबांच्या आई यमुनाबाई ऐंशीच्या पुढच्या होत्या, त्यांचा एक पाय लुळा. त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून दोघांनी पायऱ्यांवरून खाली आणलं. शाळेच्या पटांगणात लोक उशिरापर्यंत बसले. आभाळ स्वच्छ होतं, टेकडी जागच्या जागी होती.

दोन दिवसांनी पुन्हा तसंच झालं, आणि मग लागोपाठ.

अनिरुद्ध रोज यायला लागला. त्याने केबल बदलली, बॅटऱ्या बदलल्या, एक टोपी काढून नवी बसवली. भोंगा वाजतच राहिला. एका सकाळी इंदुबाईंनी त्याला समाजमंदिराच्या पायरीवर चहा दिला.

"सर, मशीन खराब झालं का?"

"सगळं बदलून झालं. आता बदलायचा राहिलोय तो मी," तो म्हणाला. मग चहाचा घोट घेऊन, "दिवसा एकदाही वाजला नाही, लक्षात आलं का तुमच्या? दिवस मावळल्यावर तासाभराने सुरू होतं, आणि लोक झोपायच्या सुमाराला आपोआप निवतं."

"मग भूत म्हणायचं का?"

"भूत परवडलं असतं." त्याने वर बोट दाखवलं. "विमानं उडतात त्याच्याही खूप खूप वर अगदी विरळ हवेचा एक थर आहे. दिवसभर ऊन खाऊन त्याच्यात विजेचे कण तयार होतात. उपग्रहाचा सिग्नल त्यातूनच खाली येतो. दिवसा थर शांत असतो. सिग्नलला थोडा उशीर होतो, पण चारही खांबांना सारखाच, म्हणून आपला हिशेब जुळतो. दिवस मावळला की थराचा खालचा भाग विरतो आणि तिथून बुडबुडे वर चढायला लागतात. पातेल्यात पिठलं रटरटतं ना, तसे."

इंदुबाईंनी त्याच्या कपात आणखी चहा ओतला.

"त्या बुडबुड्यांतून येताना सिग्नल लुकलुकतो. टोपीचं काम काय, तर सिग्नलच्या लाटा मोजत बसायचं. लुकलुकलं की तिची मोजणी तुटते. पुन्हा मोजायला लागते तेव्हा चुकते. मग तिला वाटतं, खांबच वीतभर सरकला."

"हे मागच्या वर्षी काऊन नाही झालं?"

"झालं असणार, थोडं. यंदा सूर्य भरात आहे. दहा-अकरा वर्षांतून एकदा तो असा चढतो. त्यात आत्ताचे दोन महिने आणि पुन्हा मार्च-एप्रिल हे याचे खास दिवस. आणि आपलं पुणं नेमकं अशा पट्ट्यात आहे की तो थर इथे दाट असतो. ढगांशी, पावसाशी याचा काही संबंध नाही."

"म्हणजे मशीन खोटं बोलत नाही. त्याला नीट ऐकू येत नाही."

"बरोबर."

"आणि हे मी लोकांना कसं सांगू?"

इंदुबाईंनी आपल्या परीने नळावर सांगून पाहिलं. रावसाहेब हंडा खांद्यावर घेत म्हणाले, "वा. म्हणजे दिवस मावळल्यावरबी चूक सूर्याचीच." दुसऱ्या दिवसापासून ते इंदुबाई दिसल्या की विचारायचे, "आजचा शो हाये ना?" पोरं त्यांच्या मागे तोंडाने भोंगा वाजवत फिरायची. लोक आता भोंगा वाजला तरी ताट संपवून, हात धुऊन, मग उठायचे. काही उठतच नसत.

रावसाहेब मात्र टोमणे मारत का होईना, आईला दर वेळी खाली आणायचे. एका संध्याकाळी पायऱ्या ओल्या होत्या. खुर्चीचा पाय मोडला आणि यमुनाबाई पाच-सहा पायऱ्या घरंगळल्या. खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टरांनी वय पाहून ऑपरेशनला नकार दिला आणि म्हातारीला घरी पाठवलं. ती रात्रंदिवस कण्हायची, ते खालच्या आळीपर्यंत ऐकू यायचं.

रावसाहेब इंदुबाईंच्या दारात आले. या वेळी आवाज चढलेला नव्हता.

"इंदू, माय आता उठत नाही. तुझ्या भोंग्यानं मोडली तिला. पुन्हा वाजला तर मी तो दगडानं फोडीन. तुले सांगून ठेवतो."

इंदुबाईंनी दुसऱ्या दिवशी मेसमधून सुटल्या सुटल्या अनिरुद्धला बोलावून घेतलं.

"सर, संध्याकाळचा भोंगा बंद करा."

"बंद केला तर हे खांब कशाला उभे केले आपण?"

"चालू ठेवून काय होतंय? परवा वाजला तेव्हा अर्धी वस्ती जेवत बसली होती. खरंच डोंगर आला असता तर जेवतानाच मेली असती. आणि मी... मला तोंड दाखवायला जागा नाही उरली, सर."

भेगेवर तार ताणून बसवायचं एक साधं यंत्र अनिरुद्धने मागितलं होतं. त्याला उपग्रह लागत नाही, भेग वाढली की तार ओढली जाते आणि कळतं. त्याची मंजुरी कुठल्यातरी टेबलावर पडून होती. ते येईपर्यंतची वाट म्हणून त्याने सुचवलं, की दिवस मावळल्यापासून भोंगा आपोआप वाजणार नाही. इशारा फक्त दोघांच्या फोनवर येईल. तो घरी बसून आकडे बघेल, त्या तिथे पाऊस-माती बघतील, आणि दोघांनी ठरवून हाताने भोंगा वाजवायचा.

"तीन खांब तीन दिशांना उड्या मारत असतील तर तो वरचा गोंधळ," त्याने सांगितलं. "तिन्ही उताराकडे यायला लागले तर मात्र खरं."

"मी काय ठरवणार, सर?"

"तुम्ही तिथे आहात. मी नाही."

पुढचे दिवस शांततेत गेले. संध्याकाळी फोन थरथरायचा, अनिरुद्धचा निरोप यायचा, ‘गोंधळच आहे’, आणि इंदुबाई भाकरी उलटायच्या. नळावरचं बोलणं पुन्हा सुरू झालं. रावसाहेबांच्या बायकोने, भाग्यश्रीने, एकदा कढी पाठवली. इंदुबाई यमुनाबाईंना बघायला गेल्या, तेव्हा म्हातारीने त्यांचा हात धरून ठेवला. इंदुबाईंना झोप लागायला लागली.

ऑक्टोबरात परतीचा पाऊस आला. दोन दिवस थांबून थांबून पडला, तिसऱ्या दिवशी दुपारपासून धरूनच बसला. दिवस मावळल्यावर इशारा आला. इंदुबाईंनी फोन लावला.

"मी बघतोय," अनिरुद्ध म्हणाला. "उपग्रहांचे सिग्नल एकामागून एक तुटतायत. एक खांब वर गेलाय, एक बाजूला, एक खाली. रोजचंच चित्र. पण पाऊस आहे, म्हणून जरा नजर ठेवू. वर जाऊन याल का?"

इंदुबाई छत्री आणि बॅटरी घेऊन वरच्या आळीत गेल्या. रावसाहेबांच्या घरामागे कापाच्या तळाशी एक ओहोळ होता, पावसात तो कायम खळखळायचा. आज तो जवळजवळ आटला होता. पाऊस चालू असून पाणी कमी, हे त्यांच्या नजरेला आलं. त्यांना वाटलं, चांगलंच आहे, वरून पाणी येत नाही. पाणी आत, डोंगराच्या पोटात साचतंय म्हणून बाहेर येत नाही, हे त्यांना पुढे अनिरुद्धने सांगितलं.

रावसाहेबांच्या दारात उजेड होता.

"भाऊ, मागची भिंत पाहू द्या एकदा."

"भोंगा बंद झाला तर आता पायी फिरून वाजवतेस का?" रावसाहेब म्हणाले. "भिंत हाये जागच्या जागी. मायचा आत्ताच डोळा लागला. जाय व, बाई."

आतून भाग्यश्रीने विचारलं, "इंदुबाई हायेत का? चहा ठेवू?" रावसाहेबांनी दार लोटलं.

इंदुबाई खाली समाजमंदिरापाशी आल्या. पेटी उघडली. किल्ली लावली. तेवढ्यात फोन वाजला.

"इंदुबाई, तिसरा खांब बराच वेळ खालीच येतोय." अनिरुद्धचा आवाज बदललेला होता. "पण मध्ये मध्ये सिग्नल तुटतोय, बाकीचे दोन अजून उड्या मारतायत. मला खात्री देता येत नाही. तुम्हाला काय वाटतं?"

पायऱ्यांवरून रावसाहेब उतरत येताना दिसले. त्यांनी वरून पेटीजवळचा बॅटरीचा उजेड पाहिला होता. "हात लावू नको, सांगून ठेवतो," असं ओरडत ते भिजत येत होते. इंदुबाईंच्या डोळ्यांपुढे मोडक्या खुर्चीतून घरंगळणारी म्हातारी आली. अंधारात, पावसात, मोडक्या खुब्यासकट तिला पुन्हा उचलायचं, आणि पुन्हा काहीच नाही झालं तर.

"थांबू जरासं," त्या फोनवर म्हणाल्या.

खडीचा ट्रक रिकामा करतात तसा आवाज झाला. फार मोठा नाही. वरच्या आळीतले दिवे एकदम गेले. मग वारा आला, चिखलाच्या वासाचा, आणि पायऱ्यांवरून माती खाली वाहायला लागली. रावसाहेब पायऱ्यांच्या मध्यावर उभे होते. त्यांच्या मागे जिथे त्यांचं घर होतं तिथे काहीच दिसत नव्हतं.

इंदुबाईंनी तेव्हा किल्ली फिरवली. भोंगा वाजू लागला. खालच्या आळीतले लोक बाहेर धावले आणि रस्त्यापलीकडे गेले. तो बंद करायचं कोणाला सुचलं नाही. बचावाची गाडी आली, माणसं आली, तरी तो वाजतच होता.

वरच्या आळीतली नऊ माणसं गेली. यमुनाबाई आणि भाग्यश्री एकाच खोलीत सापडल्या.

अनिरुद्धने सगळे आकडे पुन्हा तपासले आणि लोकांना हलवलं होतं तिथे, हडपसरला, येऊन इंदुबाईंना सांगितलं. तिसरा खांब खरंच सरकत होता. आधी हळू, मग वेगाने. गोंधळाच्या आत खरी हालचाल लपली होती. "मला ती वेगळी काढता आली नाही," तो म्हणाला. त्याने चौकशीतही हेच सांगितलं, काही न लपवता. थोड्या दिवसांनी संस्थेने काम गुंडाळलं आणि तो कुठेतरी शिकवायला लागला असं कळलं.

वस्तीतले उरलेले लोक हडपसरच्या एका संक्रमण इमारतीत आणून ठेवले होते. इंदुबाईही तिथेच; सोनाली मैत्रिणींची खोली सोडून त्यांच्याजवळ राहायला आली होती. तिथे वेगळीच गोष्ट पसरली होती. वाचलेल्या प्रत्येकाने भोंगा ऐकला होता. भोंगा ऐकून ते पळाले होते आणि वाचले होते. माती आधी आली की भोंगा आधी वाजला, हे त्या गोंधळात कोणाला कळणार? बातम्यांतही तसंच आलं, की भोंगा वाजूनही वरच्या आळीतले लोक घर सोडून निघाले नाहीत. लोक इंदुबाईंच्या पाया पडायला येऊ लागले. त्या पाय मागे घ्यायच्या आणि काही बोलायच्या नाहीत.

"मम्मी, तू बोलू नकोस," सोनालीने बजावलं. "कोणाला काय फरक पडणारे आता? उलट लोक तुलाच धरतील."

मृतांच्या पुण्यानुमोदनाचा, बौद्ध रीतीच्या श्रद्धांजलीचा कार्यक्रम इमारतीच्या पार्किंगमध्ये होता. वंदना झाली, त्रिशरण झालं. मग एकेक जण उठून बोलू लागला. एक दूरचा नातेवाईक रावसाहेबांकडे वळून म्हणाला, "दादा, राग नका मानू. भोंगा तर वाजला होता. माय आन् बायको घरात, आन् तुम्ही एकटेच बाहेर कसे?"

रावसाहेब मान खाली घालून बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. ते काहीच बोलत नाहीत, असं पाहून इंदुबाई उठल्या.

"भोंगा आधी नाही वाजला," त्या म्हणाल्या. तो मोठा आवाज आता घशातून निघत नव्हता, म्हणून पुन्हा म्हणाल्या. "डोंगर आल्यावर मी वाजवला. फोन त्याच्या आधी आला होता. सरांनी विचारलं, काय करायचं. मी म्हटलं, थांबू. संध्याकाळचा भोंगा बंद पण मीच करायला लावला होता. रावसाहेबभाऊंची काही चूक नाही."

मग मागून एका बाईने हंबरडा फोडला. तिचा मुलगा वरच्या आळीत मातीखाली गेला होता. ती इंदुबाईंच्या अंगावर धावून आली आणि दोघीतिघींनी तिला धरलं. खिरीच्या पातेल्याकडे कोणी फिरकलं नाही.

त्यानंतर इमारतीत त्यांच्याशी बोलणं बंद झालं. जिन्यात समोर आलं की लोक भिंतीकडे तोंड करायचे. कोणी तरी रात्रीतून दारावर चिखल फासला. सोनालीने तो धुतला आणि दुसरी खोली शोधायला लागली. इंदुबाईंनी हडपसरच्याच एका मेसमध्ये काम धरलं. तिथे त्यांना कोणी ओळखत नव्हतं.

रावसाहेब गावी जायला निघाले त्या दिवशी त्यांच्याकडे आले. हातात एक पिशवी होती. इंदुबाईंनी पाणी दिलं. ते पाणी न पिता तांब्या मांडीवर धरून बसले.

"काऊन सांगितलं?" ते म्हणाले. "मी बोललो का काही? सारे मला म्हणत होते, तर म्हणू द्यायचं."

"खोटं होतं ते."

"मी दगडानं फोडतो म्हटलं होतं ना तुले. ते सांगितलं नाहीस."

"तुम्ही म्हटलं होतं. थांबले तर मीच."

रावसाहेबांनी मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, ते कळलं नाही. बाहेर कोणीतरी गाडी धूत होतं, पाण्याचा आवाज येत होता.

"तू वाजवला असता, तर मी मायले उचललं असतं का, इंदू?" त्यांनी विचारलं. "लय विचार करतो. दर बारी उचलत होतो. पण त्या दिवशी... तिचा डोळा लागला होता."

उचललं असतं, असं म्हणता आलं असतं. त्या म्हणाल्या, "मले नाही माहीत, भाऊ."

"हो," रावसाहेब म्हणाले. "मलेबी नाही."

मग त्यांनी पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला, पिशवी उचलली, आणि बसची वेळ झाली म्हणून ते गेले.